हलक्या मोटारीला जादा हवा

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जपानच्या माझदा कंपनीने एक छोटी, उघड्या टपाची, दोनच आसनांची मोटार मांडली. अमेरिकेत तिचे नाव एमएक्स-५ मियाटा, तर जपानमध्ये युनोस रोडस्टर. वजन टनाहून थोडे कमी, इंजिन अवघे १.६ लिटरचे आणि अमेरिकी बाजारातील गाडीची ताकद ११६ अश्वशक्ती. ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला तिला सुमारे नऊ सेकंद लागत. 'स्पोर्ट्स कार' हे बिरुद मिरवणाऱ्या गाडीसाठी हे आकडे तेव्हाही भारदस्त नव्हते. आज तर घरगुती वापराच्या कितीतरी टर्बो मोटारी सिग्नल सुटताच तिला सहज मागे टाकतील. तरीही ही गाडी अफाट लोकप्रिय झाली आणि २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा गाठला.

या लोकप्रियतेबरोबरच एक प्रश्नही तिच्या मागे लागला, तो आजतागायत सुटलेला नाही. गाडी वळणावर इतकी गोड चालते, तर तिला थोडी अधिक ताकद दिली तर काय बिघडले? टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर बसवून इंजिनात दाबाखाली हवा भरायची आणि ११६ अश्वशक्तीचे दीडशे-पावणेदोनशे करायचे, हा त्यावरचा ठरलेला उपाय. गाडी बाजारात आल्यावर काही वर्षांतच असे तयार संच अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये विकले जाऊ लागले.

माझदा हे नाव आपल्याकडे 'स्वराज माझदा'च्या मिनीबस आणि छोट्या ट्रकमुळे परिचयाचे आहे. ही दोन आसनी मोटार मात्र भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. असे असले, तरी लहान इंजिनाला टर्बोची जोड देण्याची पद्धत आता भारतीय रस्त्यांवरही रुळली आहे. त्या जोडणीने गाडीला नेमके काय मिळते आणि तिच्याकडून काय जाते, हे समजून घ्यायला या छोट्या गाडीइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण.

भात्याचे तत्त्व

पेट्रोल इंजिनाची ताकद पेट्रोलवर नव्हे, तर हवेवर ठरते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. ते जाळायला लागणारा प्राणवायू मात्र सिलिंडरच्या आकारमानाइतकाच आत येतो. चार फेऱ्यांच्या पद्धतीने चालणारे १.६ लिटरचे इंजिन दर दोन आवर्तनांत फार तर १.६ लिटर हवा ओढते. मिनिटाला सहा हजार आवर्तने धरली, तर ही हवा ४८०० लिटर भरते आणि समुद्रसपाटीवर तिचे वजन साडेपाच-पावणेसहा किलोंच्या घरात जाते. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. म्हणजे त्या मिनिटात जेमतेम चारशे ग्रॅम पेट्रोल कामी येणार. ताकद वाढवायची तर अधिक हवा आत गेली पाहिजे, आणि त्यासाठी तीनच मार्ग आहेत. इंजिन मोठे करणे, ते अधिक वेगाने फिरवणे किंवा हवाच दाबून अधिक घट्ट करणे.

तिसरा मार्ग मोटारीहूनही जुना आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात राहणाऱ्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, ते पुढे ओतकामाच्या भट्ट्या फुलवण्यासाठी वापरात आले. लोहाराच्या भात्याचेच हे सुधारलेले रूप. गॉटलीब डाइमलर यांनी हे तत्त्व इंजिनाला लावले आणि १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवरच पंखा फिरवून हवा दाबण्याच्या कल्पनेचे पेटंट मिळवले. आजचा टर्बोचार्जर तो हाच. सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्यामुळे तो इंजिनाच्या वेगाबरोबर तत्काळ वाढतो, पण फिरण्यासाठी लागणारी शक्ती इंजिनाकडूनच घेतो. टर्बो एरवी वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर चालतो, म्हणून तो काटकसरी. परंतु मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणारा त्याचा पंखा वेगात यायला काही क्षण लागतात.

या यंत्राची खरी गरज प्रथम जमिनीवर नव्हे, तर आकाशात भासली. उंचीवर हवा विरळ होते आणि विमानाचे इंजिन गुदमरते. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे अभियंते सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या शिखरावर, सुमारे चौदा हजार फूट उंचीवर नेले. समुद्रसपाटीवर साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथे सव्वादोनशेच्या आसपास उतरले आणि टर्बो लावताच पुन्हा साडेतीनशेवर आले. हा प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तेथे टर्बोने इंजिनाला जादा काही दिले नाही, हरवलेले परत दिले. म्हणून इंजिनावर अवाजवी ताणही पडला नाही. रस्त्यावरच्या मोटारीचे तसे नसते.

उष्णतेचा हिशेब

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड हाताला गरम लागते, हा अनुभव सर्वांचाच. हवा दाबली की ती तापते. बाहेर ३५ अंश तापमान असताना वातावरणाच्या निम्म्याइतका जादा दाब द्यायचा ठरवला आणि दाबणाऱ्या यंत्राची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा नव्वद अंशांच्या जवळपास पोहोचते. तापलेली हवा पुन्हा विरळ होते. त्यामुळे दाब दीडपट झाला, तरी हवेचे वजन दीडपट होत नाही, ते सव्वापटीच्या थोडे वर थांबते. मध्ये इंटरकूलर बसवून तीच हवा पन्नास अंशांपर्यंत थंड केली, तर वजन १.४ पटीपर्यंत जाते. इंटरकूलर ही चैनीची वस्तू नव्हे, हे या आकड्यांवरून कळावे.

खरी भीती पुढे आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन हे मिश्रण आणखी दाबतो आणि मग ठिणगी पडते. मिश्रण आधीच जादा तापलेले असेल, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले पेट्रोल आपोआप पेट घेते. मेकॅनिक याला 'नॉकिंग' म्हणतात. हलके नॉकिंग क्षणभर झाले तर निभावते. जोराचे आणि लागोपाठ झाले तर पिस्टनच्या रिंगांमधले कड तुटतात, गॅस्केट उडते, कधी पिस्टनलाच भोक पडते. चालकाला त्याचा आवाज पुष्कळदा ऐकूही येत नाही, विशेषतः टप उघडे असताना.

इंजिन किती दाब सोसेल हे बऱ्याच अंशी त्याच्या मूळच्या कॉम्प्रेशन रेशोवर अवलंबून असते. १९८९ च्या एमएक्स-५ मध्ये तो ९.४ होता. हा आकडा मध्यम असल्याने, आणि इंजिनाचा लोखंडी ब्लॉक दणकट असल्याने, थोडा दाब ती गाडी पचवू शकते, असा जगभरच्या जाणकारांचा अनुभव. पुढे चित्र पालटले. २००५ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या दोन लिटर इंजिनात हे प्रमाण १०.८ वर गेले आणि २०१५ च्या चौथ्या पिढीत थेट १३ वर. मूळ इंजिनाने साध्या हवेतून जास्तीत जास्त कस काढावा, या हेतूने हे केले गेले. जे इंजिन स्वतःच इतके दाबते, त्याला बाहेरून आणखी दाब देणे म्हणजे भरल्या ताटावर बसलेल्याला आग्रह करण्यासारखे. ते अशक्य नाही, पण दाब बेताचा, पेट्रोल उत्तम ऑक्टेनचे आणि संगणकाची जुळणी अचूक हवी. जुन्या गाडीवर एखाद्याने सहज निभावून नेलेला प्रयोग नव्या गाडीवर तसाच्या तसा करणे धोक्याचे आहे.

संगणकाची जुळणी हा शब्दप्रयोग वर सहज येऊन गेला. प्रत्यक्षात सगळा खेळ तेथेच आहे. जादा हवेला जादा पेट्रोल लागते, ठिणगी किंचित उशिरा पाडावी लागते आणि मिश्रण नेहमीपेक्षा दाट ठेवावे लागते, जेणेकरून ते स्वतःच सिलिंडर थंड ठेवील. पहिल्या पिढीच्या गाडीत आत येणारी हवा मोजण्याचे काम एक हलती झडप करी. जादा दाबाखालच्या हवेचा हिशेब ठेवणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. आरंभीच्या संचांत पेट्रोलचा दाब यांत्रिक रीतीने वाढवून वेळ मारून नेली जाई. ही उपाययोजना चालत असे, पण तिच्यात चुकीला फारशी जागा नव्हती. आज स्वतंत्र इंजिन-संगणक सहज मिळतो आणि त्याची जुळणी डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, करता येते. पैसे वाचवायचे झाल्यास टर्बोच्या झगमगीत नळ्यांवर वाचवावेत. जुळणी करणाऱ्या तंत्रज्ञावर वाचवू नयेत.

साखळीतल्या पुढच्या कड्या

इंजिनाला श्वास मिळाला की ताण पुढे सरकू लागतो. पहिल्या पिढीच्या या गाडीत त्याचे मार्ग आता चांगलेच ठाऊक झाले आहेत. तिचे इंजिन माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या घरगुती मोटारींच्या घराण्यातले. त्या मोटारींत ते आडवे बसे, येथे उभे बसवले गेले. या बदलात गरम पाणी बाहेर पडण्याची वाट इंजिनाच्या पुढच्या टोकाशीच राहिली आणि मागच्या सिलिंडरांना थंडावा तुलनेने कमी मिळू लागला. मूळ ताकदीत याने काही अडत नाही. टर्बो लावून शर्यतीच्या मार्गावर अर्धा तास गाडी दामटली, तर मात्र मागचे सिलिंडर आधी तक्रार करतात. म्हणून जाणकार मोठा रेडिएटर घालतात आणि पाण्याचा मार्गच बदलून घेतात.

आरंभीच्या काही गाड्यांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते आणि त्यावरच्या पुलीची चावी व खाच झिजण्याचा दोष त्यांच्यात आढळला. सुपरचार्जरचा पट्टा नेमका याच टोकावर ओढ देतो. अशी गाडी हाती असेल, तर सुपरचार्जरचा विचार दूर ठेवणेच बरे. क्लच तर बहुतेक वेळा बदलावाच लागतो. १.६ लिटरच्या गाडीचे मागचे डिफरन्शियल नाजूक समजले जाते, १.८ लिटर इंजिनाबरोबर कंपनीनेच ते मोठे केले आणि ब्रेकही वाढवले. कंपनीने इंजिनात केवळ दोनशे घनसेंटिमीटर वाढवताना एवढी काळजी घेतली, तर ताकद दीडपट करू पाहणाऱ्याने किती घ्यावी, याचा अंदाज बांधता येतो.

थोडक्यात, संचाची किंमत ही खर्चाची सुरुवात असते. क्लच, रेडिएटर, संगणक, ब्रेक आणि टायर यांची बेरीज संचाच्या किमतीला गाठते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत एकूण रक्कम कित्येकदा गाडीच्या मोलापलीकडे जाते. त्यात इंजिनाचे आयुष्य किती घटले याचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तो इंजिन बसल्यावरच कळतो.

मांड आणि लगाम

तथापि केवळ पैशांचा आणि धातूच्या ताकदीचा प्रश्न असता, तर तो खर्च करण्याची ऐपत असलेल्यांसाठी मिटला असता. गाडीच्या स्वभावाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. या मोटारीची कल्पना मुळात बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराची. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या हलक्या, उघड्या गाड्या नाहीशा झाल्या आहेत, तशी एखादी बनवा, असे त्यांनी १९७९ मध्ये माझदाचे केनिची यामामोतो यांना सुचवले आणि पुढे ते स्वतः त्या कंपनीत दाखल झाले. गाडी प्रत्यक्षात उतरवणाऱ्या चमूचे प्रमुख तोशिहिको हिराई. त्यांनी चमूपुढे 'जिन्बा इत्ताई' हे सूत्र ठेवले. घोडा आणि स्वार यांचे एकरूप होणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे स्वाराची मांड घट्ट असली की घोडा इशाऱ्याने वळतो म्हणतात, तेच हे.

हे सूत्र केवळ जाहिरातीपुरते नव्हते. गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट या गाडीत मुद्दाम घातली गेली, कारण तिच्यामुळे ॲक्सिलरेटरवर पाय पडताच होणारी हालचाल मधल्या मध्ये न जिरता चाकांपर्यंत पोहोचते. वजन पुढच्या व मागच्या चाकांवर जवळपास समसमान वाटले. टायर अवघे १८५ मिलिमीटर रुंदीचे दिले. पकड बेताची आणि ताकदही बेताची. म्हणून गाडी आपल्या मर्यादेशी केव्हा आली हे चालकाला साध्या रस्त्यावर, साध्या वेगात कळते. पायाचा दाब गुंजभर बदलला, तर गाडीचा कलही तितकाच बदलतो.

टर्बो नेमका या तारेत गाठ मारतो. वळणाच्या मध्यावर पाय दाबला, क्षणभर काही झाले नाही आणि मग अपेक्षेहून अधिक जोर मागच्या चाकांवर आला, असे झाले तर ओल्या रस्त्यावर हलकी गाडी गिरकी घेऊ शकते. आधुनिक छोट्या टर्बोंनी हा विलंब पुष्कळ कमी केला आहे, पण नाहीसा केलेला नाही. शिवाय टर्बो, इंटरकूलर आणि नळ्या यांचे जादा वजन पडते ते गाडीच्या नाकावर. सुपरचार्जर या बाबतीत अधिक सभ्य. तो पायाच्या हुकमात राहतो, इंजिन मोठे झाल्यासारखे वाटते, एवढेच. उष्णता आणि पेट्रोल या दोन्ही बाबतींत तो टर्बोहून महाग पडतो, पण हलक्या गाडीसाठी दोहोंतून एकच निवडायचे तर सुपरचार्जरचे पारडे जड आहे. अत्युच्च ताकद हवी असेल त्यानेच टर्बोकडे वळावे.

हा वाद नवा नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये टिम बर्किन या शर्यतपटूने साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर लावण्याचा घाट घातला. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्याला ठाम विरोध होता. ताकद हवी तर इंजिन मोठे करा, त्याच्या तोंडाशी भाता लावून त्याची घडण बिघडवू नका, असे त्यांचे मत. तरीही गाड्या बनल्या. १९३० च्या ल मान्स शर्यतीत त्या निकामी होऊन बाहेर पडल्या आणि जिंकली ती साडेसहा लिटरची, सुपरचार्जर नसलेली बेंटली स्पीड सिक्स. त्याच वर्षी पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन यांनी सुपरचार्जरवाल्या बेंटलीवरच दुसरा क्रमांक मिळवला, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे. ती बेंटली काही हलकी गाडी नव्हती, पण दोन्ही बाजूंचे मुद्दे आज आहेत तेच होते.

कारखान्यांनी काय केले

हौशी मंडळींच्या प्रयोगांपेक्षा कारखान्यांचे निर्णय अधिक बोलके असतात, कारण त्यांना वॉरंटी द्यावी लागते. खुद्द माझदाने २००४ आणि २००५ या दोन वर्षांत माझदास्पीड या नावाने अमेरिकेत टर्बो एमएक्स-५ विकली. नेहमीची गाडी १४२ अश्वशक्तीची, ही १७८ ची. केवळ ३६ अश्वशक्ती वाढवण्यासाठी कंपनीने इंटरकूलर दिला, कॉम्प्रेशन रेशो १० वरून ९.५ वर आणला, क्लच आणि मागच्या चाकांचे दांडे बळकट केले, सहा गिअरचा दणकट गिअरबॉक्स घातला, स्प्रिंग कडक केल्या आणि चाके १७ इंचांची केली. बाहेरच्या बाजारातले संच याहून दुप्पट वाढीचे आश्वासन देतात आणि यातल्या निम्म्या गोष्टींचा उल्लेखही करत नाहीत. अशा साडेपाच हजारांहून थोड्या कमी गाड्या विकून माझदा थांबली. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत कंपनीने स्वतः टर्बो एमएक्स-५ बनवली नाही.

पुढे योगायोगाने एक नामी तुलना घडून आली. २०१६ मध्ये फियाटने १२४ स्पायडर ही मोटार आणली. तिचा सांगाडा चौथ्या पिढीच्या एमएक्स-५ चा, ती बनायचीही हिरोशिमातच. इंजिन मात्र फियाटचे १.४ लिटर टर्बो. म्हणजे अंग एक, श्वास दोन. युरोपात विकल्या गेलेल्या फियाटची ताकद १४० अश्वशक्ती आणि टॉर्क २४० न्यूटन मीटर, तोही मिनिटाला अवघ्या २२५० आवर्तनांवर. माझदाच्या दोन लिटरच्या साध्या इंजिनाचे आकडे १६० आणि २००, पण त्यासाठी ४६०० आवर्तने गाठावी लागत. फियाट पन्नासेक किलोंनी जड होती. शहरात, चढावर, गिअर न बदलता पुढच्या गाडीला ओलांडताना फियाट निर्विवाद सोपी. घाटात मात्र इंजिन लाल रेषेपर्यंत ओढत नेण्याची आणि पायाशी तत्काळ बोलण्याची मजा माझदात होती. कोणती चांगली याचे एकच उत्तर नाही. रोजच्या वापरासाठी फियाट निवडणारा माणूस चुकला असे म्हणता येणार नाही. पण ती अधिक खेळकर होती, असे म्हणणारे थोडेच भेटतील. पुढे युरोपात २०१९ मध्ये आणि अमेरिकेत २०२० मध्ये तिची विक्री थांबली.

माझदाने त्यानंतर आपल्या दोन लिटर इंजिनाला टर्बो न लावता त्याचे पिस्टन व कनेक्टिंग रॉड हलके केले, हवेची वाट रुंदावली आणि फेऱ्यांची मर्यादा ६८०० वरून ७५०० वर नेली. २०१९ च्या मॉडेलची ताकद अशी १८४ अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. टोयोटाची कथाही मिळतीजुळती आहे. २०१२ मध्ये आलेल्या तिच्या ८६ या हलक्या स्पोर्ट्स मोटारीला टर्बो द्या, असा धोशा चाहत्यांनी वर्षानुवर्षे लावला होता. २०२१ च्या नव्या आवृत्तीत कंपनीने टर्बो दिला नाही. दोन लिटरचे इंजिन २.४ लिटरचे केले. डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हे पटले असते.

उलट बाजूचे उत्तम उदाहरण म्हणजे लोटस. हलकेपणाचा जिला ध्यास, त्याच कंपनीने २००८ मध्ये एलिस या आपल्या छोट्या गाडीला सुपरचार्जर लावला. कारण समजण्याजोगे होते. एलिसमध्ये तेव्हा टोयोटाचे १.८ लिटर इंजिन असे आणि ते सहा हजार आवर्तनांच्या वर गेल्यावरच खऱ्या अर्थाने जागे होई. खालची आणि मधली पोकळी भरून काढायला सुपरचार्जर अगदी योग्य. लोटसने दाब माफक ठेवला, इंटरकूलरचे वजनही टाळले आणि ताकद १९० वरून २२० अश्वशक्तीच्या घरात नेली. नव्वद टक्के चालकांना वरची ३० अश्वशक्ती क्वचितच जाणवली असेल. मधला भराव मात्र रोज जाणवला असणार. आपल्या इंजिनात अशी पोकळी कोठे आहे काय, हा प्रश्न जादा हवेच्या मोहात पडलेल्याने आधी विचारावा. १९८९ च्या एमएक्स-५ मध्ये ती फारशी नाही. तिची ताकद कमी आहे, पण सलग आहे.

मग करायचे काय?

सपाट प्रदेशात राहणाऱ्या, आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढणाऱ्या मालकाने टर्बोच्या आधी बऱ्याच गोष्टी कराव्यात. वीस-तीस वर्षे जुन्या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर आणि रबरी बुश झिजलेले असतात, टायर कडक झालेले असतात. ते बदलले की गाडी वेगळीच वाटू लागते आणि अनेकांची ताकदीची भूक तेथेच शमते. तरीही १.६ लिटर कमी पडत असेल, तर १.८ लिटरचे मूळ इंजिन त्याच जागी बसते, वजन फारसे वाढत नाही आणि सुटे भाग कंपनीच्याच यादीतले राहतात. शर्यतीच्या मार्गावर उतरायचे असेल, तर तेवढ्याच पैशांत एखाद्या चांगल्या शिक्षकाकडून घेतलेले धडे फेरीची वेळ टर्बोइतकीच कमी करतील, असे सांगितले की मंडळींना राग येतो, पण ते खरे आहे.

डोंगराळ उंच प्रदेशात राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब सुमारे सहाव्या हिश्शाने कमी असतो आणि ११६ अश्वशक्तीची गाडी शंभराच्या खाली येते. अशा ठिकाणी माफक दाब देणे म्हणजे पाइक्स पीकवरच्या मॉस यांच्या प्रयोगाचीच छोटी आवृत्ती, आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही.

ज्याला सर्व जाणूनही जादा हवा हवीच आहे, त्याने आधी प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन तपासून घ्यावा. थकलेल्या इंजिनाला टर्बो लावणे हा या छंदातला सर्वांत महाग अपघात आहे. दाब वातावरणाच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंतच ठेवावा, इंटरकूलर आणि चांगला रेडिएटर टाळू नये, ब्रेक व टायर ताकदीच्या आधी बदलावेत. कायद्याकडेही लक्ष हवे. ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवला नाही, तर अपघाताच्या वेळी विमा नाकारला जाऊ शकतो. कॅलिफोर्नियात धुराविषयीच्या नियमांमुळे मान्यताप्राप्त संचच रस्त्यावर चालतात. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मज्जाव करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. परदेशात शिकून वा नोकरी करून परतलेल्या आणि तेथील कल्पना येथील गाडीवर करून पाहू इच्छिणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणखी एक गोष्ट अलीकडच्या काळात पुढे आली आहे. पहिल्या पिढीची एमएक्स-५ आता जुन्या गाड्यांच्या संग्राहकांची झाली आहे. २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये या गाड्या मूळ रूपात आणून देण्याची सेवा जाहीर केली आणि बंद पडलेले काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. फेरफार न झालेल्या गाड्या दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत आणि त्यांना मागणीही अधिक आहे. तेव्हा संच बसवायचाच, तर पत्रा न कापता, भोके न पाडता बसेल असा निवडावा आणि निघालेला मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, हवेचे यंत्र, संगणक व तारा भंगारात न देता खोक्यात भरून, वर चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवाव्यात.